स्टीम डिस्टिलेशनवरून रेणुवस्तुमान दर वेळी चुकतंय? सोलापुरात आधी दाब बघा

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला स्टीम डिस्टिलेशन (पाण्यात न मिसळणारा द्रव पाण्याच्या वाफेसोबत वर आणून, थंड करून गोळा करायचा प्रयोग) आलं की दर वर्षी एकच तक्रार येते. पोरं क्लोरोबेंझीन आणि पाणी एकत्र उकळवतात, डिस्टिलेट गोळा करतात, दोन थर वेगळे करून वजनं घेतात, सूत्रात आकडे टाकतात आणि रेणुवस्तुमान ११२.५ यायच्या ऐवजी ९३-९४ येतं. नायट्रोबेंझीन दिलेलं असेल तर १२३ च्या जागी ३९ की ४० असलं काहीतरी येतं. "मॅडम, लई वेळा केलं, आकडाच जुळंना" म्हणत बॅच थांबते आणि मग कुणीतरी सीनियरचं जर्नल आणतं आणि त्यातली वजनं सगळे उतरवून घेतात. मला हे उतरवणं फार लागतं, कारण बहुतेक वेळा पोरांचं काम नीट झालेलं असतं, वजनं बरोबर असतात, थर व्यवस्थित वेगळे केलेले असतात. चुकीचा असतो तो फक्त एक आकडा आणि तो त्यांनी मोजलेलाच नसतो, मॅन्युअलमधून घेतलेला असतो. तो म्हणजे ७६०.

वातावरणाचा दाब ७६० मिमी (म्हणजे पाऱ्याच्या स्तंभाची उंची) हा समुद्रसपाटीचा आकडा आहे. मुंबईत बसून प्रॅक्टिकल केलं तर तो चालून जातो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे आणि इथं हवेचा दाब ७२० मिमीच्या आसपास असतो, म्हणजे तब्बल ४० मिमी कमी. पुण्यात तो ७१० च्या आसपास, महाबळेश्वरला ६५० च्याही खाली जातो. आपल्याकडं साधं पाणीसुद्धा १०० ला उकळत नाही, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. हे सगळ्यांना शाळेपासून माहीत असतं की उंचावर पाणी लवकर उकळतं, पण ते डोंगरावरच होतं अशी समजूत असते, सोलापूर सपाट दिसतं म्हणून आपणही उंचावर आहोत हे डोक्यात येत नाही.

आता या ४० मिमीनं एवढा गोंधळ का होतो ते आधी समजून घ्या, कारण ते समजलं की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात.

दोन द्रव एकमेकांत अजिबात मिसळत नसतील तर प्रत्येक जण आपला पूर्ण बाष्पदाब (स्वतःच्या वाफेचा दाब) देतो, जणू दुसरा तिथं नाहीच. कोण किती आहे याचा काही संबंध नाही, फक्त दोन्ही फ्लास्कमध्ये शिल्लक पाहिजेत. दोघांच्या बाष्पदाबाची बेरीज बाहेरच्या हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळतं, म्हणून ते दोन्ही द्रवांच्या स्वतःच्या उत्कलनबिंदूपेक्षा कमी तापमानाला उकळतं. क्लोरोबेंझीन एकटं १३२ अंशाला उकळतं, पण पाण्यासोबत नव्वदच्या आतबाहेर. वर जी वाफ जाते त्यात दोघांचे रेणू त्यांच्या बाष्पदाबाच्या प्रमाणात असतात, तीच वाफ थंड होऊन डिस्टिलेट बनते, आणि डिस्टिलेटमधल्या वजनांच्या प्रमाणावरून आपण मागं जाऊन रेणुवस्तुमान काढतो. पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवाला मी इथं सरळ 'तेल' म्हणते, लॅबमध्ये आपण ऑइल लेयर म्हणतोच. सूत्र असं:

तेलाचं रेणुवस्तुमान = १८ × (तेलाचं वजन ÷ पाण्याचं वजन) × (पाण्याचा बाष्पदाब ÷ तेलाचा बाष्पदाब)

इथं वजनं तुम्ही मोजली. पाण्याचा बाष्पदाब तापमानावरून टेबलमध्ये मिळतो. तेलाचा बाष्पदाब मात्र कुठून येतो? तो कुणी मोजत नाही, तो वजाबाकीनं काढतात, हवेचा दाब वजा पाण्याचा बाष्पदाब. सगळी गडबड या वजाबाकीत आहे. दोन मोठे आकडे एकमेकांतून वजा करून एक छोटा आकडा काढायचा म्हणजे उसानं भरलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या काट्यावर चढवायचा, मग ड्रायव्हरला उतरवून परत वजन करायचं आणि फरकातून ड्रायव्हरचं वजन काढायचं. काटा जरा इकडंतिकडं असला तर ट्रॅक्टरच्या वजनात काही कळत नाही पण ड्रायव्हर दीडशे किलोचा निघतो.

आकडे घालून बघा. आपल्याकडं दाब ७२० धरला तर नायट्रोबेंझीन आणि पाण्याचं मिश्रण साधारण ९७.७५ अंशाला उकळायला पाहिजे. त्या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब ७०१ मिमी, म्हणजे नायट्रोबेंझीनच्या वाट्याला जेमतेम १९ मिमी. समजा डिस्टिलेटमध्ये १०० ग्रॅम पाण्यामागं १८.३ ग्रॅम नायट्रोबेंझीन मिळालं. १८ × ०.१८३ × ७०१ ÷ १९ केलं की १२१-१२२ येतं, खरं उत्तर १२३, म्हणजे एकदम छान. आता तीच वजनं, तेच तापमान, फक्त ७२० च्या जागी ७६० टाका. तेलाचा बाष्पदाब १९ चा ५९ झाला आणि रेणुवस्तुमान ३९ वर आलं. नुसत्या बेंझीनचंच ७८ असतं, त्याच्या अंगावर नायट्रो गट चढवल्यावर ३९ कसं होईल? हे निदान अशक्य दिसतं म्हणून पोरं विचारायला तरी येतात.

क्लोरोबेंझीनचा प्रकार जास्त वाईट आहे. ७२० मिमीला ते पाण्यासोबत साधारण ८९.६ ला उकळतं, पाण्याचा वाटा ५१८ आणि क्लोरोबेंझीनचा २०२. पाण्याच्या मानानं तेलाचं वजन २.४३ पट मिळतं. १८ × २.४३ × ५१८ ÷ २०२ म्हणजे ११२, अगदी बरोबर. पण ७६० धरलं तर २०२ चे २४२ होतात आणि उत्तर ९३.६ येतं. आता हा आकडा दिसायला अगदी खराखुरा आहे! अ‍ॅनिलीनचं रेणुवस्तुमान ९३ आहे, फिनॉलचं ९४. द्रव अज्ञात म्हणून दिलेला असेल तर विद्यार्थी विश्वासानं अ‍ॅनिलीन लिहून मोकळा होतो आणि त्याला आपलं चुकलंय अशी शंकासुद्धा येत नाही. चुकीचं उत्तर मूर्खासारखं दिसलं तर बरं असतं, शहाण्यासारखं दिसलं की पकडता येत नाही.

म्हणून पहिला उपाय म्हणजे ७६० विसरा आणि आजचा, आत्ताचा, इथला दाब मिळवा. इथंही दोन-तीन ठिकाणी लोक अडकतात.

सगळ्यात जास्त अडकतात ते मोबाइलवर. हवामानाचं ॲप उघडून सोलापूरचा दाब बघितला की तिथं १००८ किंवा १०१० हेक्टोपास्कल असा काहीतरी आकडा दिसतो, त्याचे मिमी केले की ७५६ ते ७५८ येतात आणि मग वाटतं मॅडम उगाच ७२० म्हणतायत, हे तर ७६० च्या जवळच आहे. ॲपवर दिसतो तो समुद्रसपाटीला आणून ठेवलेला दाब असतो. हवामान खात्याला वेगवेगळ्या उंचीच्या गावांची तुलना एकाच नकाशावर करायची असते म्हणून सगळ्यांचे आकडे समुद्रसपाटीवर नेऊन सांगतात, ती त्यांची गरज आहे आणि ती बरोबर आहे, पण तुमच्या फ्लास्कला तो दाब लागत नाही. फ्लास्कच्या तोंडावर जो प्रत्यक्ष दाब आहे तो पाहिजे, आणि तो साधारण ९६० हेक्टोपास्कल असतो. ज्या फोनमध्ये बॅरोमीटरचा सेन्सर आहे त्यात सेन्सरचं कच्चं रीडिंग दाखवणारं ॲप वापरलं तर मात्र इथला दाब मिळतो. हेक्टोपास्कलला ०.७५ नं गुणलं की मिमी झाले.

दुसरं म्हणजे लॅबमधला फोर्टिनचा बॅरोमीटर, हवेचा दाब मोजायची पाऱ्याची नळी. बऱ्याच कॉलेजात तो भिंतीला असतो आणि कुणी त्याच्याकडं बघत नाही. बघितलं तरी रीडिंग जसंच्या तसं लिहितात. पारा गरम झाला की फुगतो आणि त्याचा स्तंभ उंच दिसतो, म्हणून तापमानाची दुरुस्ती वजा करावी लागते. पितळी पट्टीच्या बॅरोमीटरला ती दर अंशाला दर मिमीमागं साधारण ०.०००१६३ इतकी असते. ऐकायला काहीच वाटत नाही, पण आपल्या उन्हाळ्यात लॅबमध्ये ३८ अंश असताना ७२० ला हिशोब केला तर साडेचार मिमी वजा होतात. नायट्रोबेंझीनच्या १९ मिमीपुढं साडेचार म्हणजे जवळपास पाव भाग! थंड देशातल्या मॅन्युअलमध्ये या दुरुस्तीवर एक ओळ असते नाहीतर नसतेच, आपल्याला ती सोडून चालणार नाही.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. दाब दिवसभर एकसारखा नसतो. आपल्या पट्ट्यात सकाळी दहाच्या सुमाराला तो चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला, दोन-तीन मिमीचा फरक अगदी रोजचा, आकाश निरभ्र असलं तरी. शिवाय हिवाळ्यात दाब थोडा जास्त असतो आणि मे-जूनला काही मिमी कमी. सकाळच्या बॅचचं आणि दुपारच्या बॅचचं उत्तर वेगळं आलं की दुपारची पोरं आळशी ठरतात, पण नायट्रोबेंझीनला तीन मिमी म्हणजे १५ टक्क्यांची चूक, त्यात पोरांचा काय दोष? सकाळी फळ्यावर लिहिलेला दाब दुपारी वापरू नका.

आता एवढं सगळं सांगून झाल्यावर मी स्वतः जो उपाय सगळ्यात जास्त सांगते तो सांगते, कारण त्याला बॅरोमीटर लागतच नाही. ज्या कॉलेजात बॅरोमीटर बंद पडलाय किंवा नाहीच त्यांनी तर हाच करावा, आणि ज्यांच्याकडं आहे त्यांनीही हाच करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

तोच फ्लास्क, तोच थर्मामीटर, तीच बुचं, सगळं तसंच ठेवून आधी त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर उकळा. वाफ साइड ट्यूबमधून नीट जायला लागली आणि पारा एका जागी दहा-एक मिनिटं थांबला की तापमान लिहा. समजा ९८.५ आलं. टेबलमध्ये ९८.५ ला पाण्याचा बाष्पदाब बघा, ७२० मिमी. पाणी उकळतंय याचा अर्थच त्याचा बाष्पदाब हवेच्या दाबाएवढा झालाय, म्हणून हाच आजचा दाब. मग फ्लास्क गार झाल्यावर त्यात तेल घाला, परत उकळा, तापमान लिहा, समजा ९७.७५. त्याचा बाष्पदाब ७०१. वजाबाकी १९. झालं. आम्ही याला ब्लँक म्हणतो.

यातली खरी गंमत पुढं आहे. कॉलेजमधले थर्मामीटर बरोबर नसतात हे सगळ्यांना माहितीये, अर्धा अंश इकडंतिकडं सहज असतो. ९८ अंशाच्या आसपास पाण्याचा बाष्पदाब एका अंशाला जवळजवळ २६ मिमीनं बदलतो, म्हणजे अर्ध्या अंशाला १३ मिमी, आणि आपल्याला शोधायचेत १९! समजा थर्मामीटर ०.४ अंश जास्त दाखवतोय. बॅरोमीटरवरून ७२० बरोबर घेतले तरी मिश्रणाचं तापमान ९८.१५ वाचलं जाणार, त्याचा बाष्पदाब ७११, वजाबाकी ९ आणि रेणुवस्तुमान २६०. दाब बरोबर, वजनं बरोबर, तरी उत्तर दुप्पट. पण ब्लँक त्याच थर्मामीटरनं केला असेल तर पाणीसुद्धा ९८.९ ला उकळताना दिसणार, त्याचा बाष्पदाब ७३०.६, त्यातून ७११ गेले की साडेएकोणीस, आणि रेणुवस्तुमान १२०. थर्मामीटर खोटं बोलतोय पण दोन्ही वेळा सारखंच बोलतोय म्हणून वजाबाकीत ते खोटं निघून जातं. पाऱ्याचा जो भाग बुचाच्या वर बाहेर राहतो आणि थंड असल्यामुळं कमी वाचन देतो, ती चूकही कधीकधी अर्ध्या अंशाच्या वर जाते, तीसुद्धा यातच निघून जाते, फक्त थर्मामीटर दोन्ही वेळा तेवढाच आत पाहिजे. म्हणून बुचातून तो हलवू नका, ब्लँकनंतर तसाच ठेवा.

थर्मामीटर मात्र ०.१ अंशाचे भाग असलेलाच घ्या. एक अंशाचे भाग असलेल्या थर्मामीटरवर डोळ्यानं पाव अंश अंदाजानं वाचून नायट्रोबेंझीनचं रेणुवस्तुमान काढणं हा वेळेचा अपव्यय आहे, ब्लँक करूनही. ज्यांच्या हातात प्रॅक्टिकल निवडायचा अधिकार आहे त्यांना माझी कळकळीची विनंती की विद्यार्थ्यांना नायट्रोबेंझीन देऊच नका. एक तर तेलाचा वाटा फक्त १९ मिमी, त्यामुळं चांगल्या हातातूनही आकडा हलतो, आणि दुसरं म्हणजे ते कातडीतून शरीरात जातं, वास गोड बदामासारखा असल्यामुळं पोरांना त्याची भीतीच वाटत नाही. क्लोरोबेंझीनला तेलाचा वाटा २०० च्या वर असतो, तिथं दाबात तीन मिमीची चूक झाली तर उत्तरात दीड टक्का फरक पडतो आणि थर्मामीटर ०.४ नं चुकला तरी साडेपाच टक्के. तेसुद्धा वास घेत बसायची वस्तू नाही, खिडक्या उघड्या ठेवाच. टोल्युइनचा वाटा आणखी मोठा असतो आणि आकडा छान येतो पण ते पेट घेतं, म्हणून बर्नर असलेल्या लॅबमध्ये ते नको, हीटिंग मँटल असेल तरच.

दाब आणि ब्लँक दोन्ही नीट केलं आणि तरी उत्तर चुकतंय असं झालं तर मग चूक वजनांत आहे. तेव्हा उत्तर कमी येतंय की जास्त हे बघा, त्यावरून दिशा कळते. सूत्रात तेलाचं वजन वर आहे, म्हणजे तेल कुठंतरी हरवत असेल किंवा पाणी फालतू येत असेल तर रेणुवस्तुमान कमी येणार.

तेल हरवायचं आपल्याकडचं पहिलं कारण म्हणजे कंडेन्सरचं पाणी. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं, त्यानं कसली वाफ थंड होणार? शिवाय गावात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं तासभर कंडेन्सरमधून पाणी सोडून ते मोरीत वाहू देणं कुणालाच पटत नाही आणि पटूही नये. बादलीत पाणी घ्या, त्यात बर्फ टाका आणि एअर कूलरचा जो छोटा पंप मिळतो तो बादलीत सोडून पाणी फिरवा, आमच्याकडं कित्येक वर्षं असंच चालतं. पण बादलीतलं पाणी तापत जातं हे लक्षात ठेवा, अधूनमधून हात घालून बघा आणि बर्फ टाकत राहा. रिसीव्हर, म्हणजे डिस्टिलेट जमा करायचं भांडं, तेसुद्धा बर्फात ठेवा. कंडेन्सरच्या शेवटी वास येत असेल तर तेल हवेत चाललंय.

पाणी फालतू यायचं कारण म्हणजे वाफेबरोबर उडणारे थेंब. स्टीम जोरात सोडली की फ्लास्कमधलं पाणी थेट कंडेन्सरमध्ये उसळतं, ते वाफ होऊन आलेलं नसतं पण वजनात मोजलं जातं. स्प्लॅश हेड (उसळलेले थेंब अडवणारा काचेचा भाग) लावा किंवा फ्लास्क तिरका ठेवा आणि घाई करू नका. उलट स्टीम फारच मंद असली किंवा फ्लास्क खालून जास्त तापवला तर दोन थर नीट ढवळले जात नाहीत, आणि वरच्या थराखाली खालचा द्रव अडकून बसतो, त्याची वाफ पुरेशी वर येत नाही, अधूनमधून धक्के देत उकळतं आणि तापमान खालीवर होतं. दोघांचे बाष्पदाब पूर्ण मिळायचे असतील तर दोघांनाही वाफेशी भिडता आलं पाहिजे, म्हणून ढवळणं हा या प्रयोगाचा जीव आहे. स्टीम द्रवाच्या तळापर्यंत नेणारी नळी असेल तर ती स्वतःच ढवळते.

स्टीम कॅनमध्ये (वाफ तयार करायच्या डब्यात) बोअरचं पाणी घातलं तर चालतं का असं बरेच जण विचारतात. चालतं, कारण क्षार कॅनमध्येच राहतात, वाफ शुद्धच येते, फक्त कॅनला आतून पांढरा थर धरतो आणि कधीतरी नळी तुंबते, सेफ्टी ट्यूब (जास्तीच्या दाबाला वाट देणारी नळी) उघडी आहे ना ते आधी बघा. ब्लँकच्या फ्लास्कमध्ये मात्र डिस्टिल्ड वॉटरच घ्या.

सुरुवातीचे काही मिलिलिटर डिस्टिलेट टाकून द्या. त्यात पाण्यात विरघळलेली हवा बाहेर येत असते, द्रवात हलक्या अशुद्धी असतील तर त्या आधी येतात, कंडेन्सरच्या आतली भिंत ओली व्हायची असते, त्यामुळं पहिल्या भागातलं प्रमाण भरवशाचं नसतं. तापमान स्थिर झाल्यावर रिसीव्हर बदला आणि तिथून मोजायला लागा. फ्लास्कमधलं तेल पूर्ण संपायच्या आधी थांबा, तेल संपलं की पारा चढून ९८.५ कडं जातो आणि नुसतं पाणी यायला लागतं. तापमान चढताना दिसलं तर तो शेवटचा भाग मोजू नका.

आता थर वेगळे करताना. क्लोरोबेंझीनची घनता १.११, ते खाली बसतं, नायट्रोबेंझीन १.२०, तेही खाली. टोल्युइन ०.८७, ते वर. ते ठरवायला घनता पाठ असायची गरज नाही, फनेलमध्ये पाण्याचा एक थेंब टाका, कुठल्या थरात विरघळून जातो ते बघा. आणि थरांची मापं सिलिंडरनं मिलिलिटरमध्ये घेऊन ग्रॅम म्हणून लिहू नका, वजनच करा, क्लोरोबेंझीनला नुसत्या या कारणानं १० टक्के चूक होते.

अ‍ॅनिलीन दिलं असेल तर वेगळाच त्रास आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे, कारण इथं 'न मिसळणारे द्रव' हे गृहीतकच थोडं खोटं पडतं. अ‍ॅनिलीन १०० ग्रॅम पाण्यात साडेतीन ग्रॅमच्या वर विरघळतं. डिस्टिलेटमध्ये १०० ग्रॅम पाण्यामागं हिशोबानं ३० ग्रॅमच्या आसपास अ‍ॅनिलीन यायला पाहिजे, त्यातलं साडेतीन ग्रॅम पाण्याच्या थरात लपून बसलं आणि पाण्याचं वजन म्हणून मोजलं गेलं, की ९३ च्या जागी ८० च्या आसपास येतं, कधी त्याहूनही कमी. त्यात घनता १.०२ असल्यामुळं थर लवकर वेगळे होत नाहीत, दुधासारखं पांढरं होऊन बसतं. त्यावर उपाय म्हणजे मीठ. डिस्टिलेटचं एकूण वजन आधी करून घ्या, मग १०० मिलिलिटरला २० ग्रॅम तरी मीठ टाकून हलवा, अ‍ॅनिलीन पाण्यातून बाहेर ढकललं जातं. फक्त एक लक्षात ठेवा, मिठाचं पाणी अ‍ॅनिलीनपेक्षा जड होतं आणि थर उलटतात, खाली असलेलं अ‍ॅनिलीन वर येतं. हे माहीत नसल्यामुळं चुकीचा थर मोरीत गेल्याचे प्रसंग परीक्षेतसुद्धा झालेत. मग फक्त अ‍ॅनिलीनच्या थराचं वजन करा आणि पाण्याचं वजन एकूणातून वजा करून काढा, म्हणजे मीठ हिशोबात येत नाही. एवढं करूनही अ‍ॅनिलीनचं उत्तर अगदी ९३ येईलच असं नाही, कारण पाणी अ‍ॅनिलीनमध्ये आणि अ‍ॅनिलीन पाण्यात विरघळल्यामुळं दोघांचेही बाष्पदाब पूर्ण नसतात. ते जर्नलमध्ये कारणासकट लिहा, ८६-८७ आलं तर ८६-८७ लिहा आणि का आलं ते सांगा, कुठलाही चांगला एक्सटर्नल त्याला ९३ उतरवणाऱ्यापेक्षा जास्त मार्क देईल.

राहता राहिली गणितं, पेपरातली. तिथं चूक वेगळी होते. एक, रौल्टचा नियम लावतात, म्हणजे बाष्पदाबाला द्रवातल्या मोल फ्रॅक्शननं (एकूण मोलमधल्या वाट्यानं) गुणतात. तो मिसळणाऱ्या द्रवांचा नियम आहे, इथं मोल फ्रॅक्शन द्रवात नाही, फक्त वाफेत मोजायचं. दोन, प्रश्नात फ्लास्कमध्ये ५० ग्रॅम तेल आणि २०० ग्रॅम पाणी घेतलं असं दिलेलं असतं, ती वजनं सूत्रात टाकतात. फ्लास्कमधल्या वजनांचा इथं काही संबंध नाही, डिस्टिलेटमधली पाहिजेत, फ्लास्कची वजनं फक्त कोण आधी संपेल ते सांगायला उपयोगी. तीन, सूत्र उलटं होतं. त्यासाठी पाठांतर नको, वाफेत ज्याचा दाब जास्त त्याचे मोल जास्त एवढंच धरून वजन भागिले रेणुवस्तुमान म्हणजे मोल असं मांडा, सूत्र आपोआप बनतं. चार, हवेचा दाब किलोपास्कलमध्ये आणि पाण्याचा मिमीमध्ये दिलेला असतो आणि तसेच वजा करतात, आधी एकाच एककात आणा, ९६ किलोपास्कल म्हणजे ७२० मिमी.

आणि पेपरात दाब दिलेला असेल तर तोच घ्या, तिथं सोलापूरचे ७२० घालू नका. ७४०.२ दिलं असेल तर ७४०.२, ७५३ दिलं असेल तर ७५३. दाब दिलेलाच नाही आणि प्रश्नात नॉर्मल बॉइलिंग पॉइंट म्हटलंय, तेव्हाच ७६०.